ट्यूनिंग म्हणजे ठणाणा नव्हे

आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे ज्यांना राग यायचा आहे त्यांना तो पहिल्या परिच्छेदातच येईल. मोटरसायकलचा सायलेन्सर बदलून आवाज वाढवला म्हणजे तिची ताकद वाढली, हा निव्वळ भ्रम आहे. बहुतेक वेळा ताकद होती तिथेच राहते आणि बऱ्याचदा हवी तिथे कमीच होते. खिसा मात्र नक्की हलका होतो.

आता घरचे वाचक म्हणणार, "काकूंना हे काय नवीन सुचलं?" मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, उभा जन्म मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने इंजिनावर लिहावं का? तर मंडळी, याच बाईने शाळेत जाण्यासाठी बावीस वर्षं लूना चालवली आहे. टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमध्ये तेलाची काजळी साचते, मग गाडी चढाला दम टाकते. तो सायलेन्सर काढायचा, जाळायचा, ठोकून काजळी झाडायची आणि परत बसवायचा, हे काम मी अंगणात बसून स्वतः करत असे. (शेजारच्या वहिनी "शाळेच्या बाई आणि हे काय!" म्हणत कौतुकाने बघायच्या. कौतुकच असावं!) नळी तुंबली की इंजिन तुंबतं, एवढं मला तेव्हाच कळलं होतं. पण तुंबलेली नळी साफ करणं वेगळं आणि चांगली नळी फेकून देणं वेगळं.

लिहायचं निमित्त म्हणजे माझ्या भाच्याचा मुलगा. इंजिनियरिंगला आहे, हुशार आहे. चारशेच्या आतबाहेरच्या सीसीची स्पोर्ट्स मोटरसायकल बापाने घेऊन दिली. वर्षभरात याने तिला कुठल्याशा गॅरेजमधून फ्री-फ्लो सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर आणि पेट्रोल जास्त सोडणारी एक डबी बसवून घेतली. अडतीस हजार रुपये! पावतीवर लिहिलेलं "स्टेज टू". मी एकच प्रश्न विचारला, "आधी किती होती आणि आता किती झाली?" तो म्हणाला, "काय किती?" म्हटलं, "ताकद." तर म्हणतो, "आजी, ती जाणवते गं!"

माझा सगळा वाद या "जाणवते"शी आहे. परीक्षेत मुलाने उत्तर न लिहिता "मला येतं असं जाणवतं" असं सांगितलं असतं तर मी किती गुण दिले असते? कान आपल्याला फसवतो. आवाज मोठा झाला की वेग वाढल्यासारखा वाटतो. खालच्या आरपीएमला ताकद कमी झाली आणि वर एकदम आली, की तो धक्का "पिकअप" वाटतो. प्रत्यक्षात खालची दोन पावलं कापून तिसरं उंच केलेलं असतं.

तीन आठवड्यांनी हायवेवर कागलच्या अलीकडे इंजिनाने खडखडाट करून प्राण सोडला. पोरगं वेळेवर क्लच दाबून कडेला आलं म्हणून आज मी हे चिडून लिहिते आहे, नाहीतर वेगळं काही लिहावं लागलं असतं. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं: "पेट्रोल खराब होतं."

इंजिन शेवटी उद्यमनगरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने उघडलं. (मराठीत नेहमी पस्तीस-छत्तीस गुण. आज त्याच्या हातात जी विद्या आहे ती मी तपासलेल्या कुठल्याच पेपरात नव्हती.) पिस्टनचा माथा त्याने माझ्या हातावर ठेवला. एका कडेला मोहोळासारखी बारीक बारीक छिद्रं पडलेली, वरच्या रिंगेची खाच तुटलेली. म्हणाला, "बाई, हे तहानेनं मेलंय."

तहानेनं म्हणजे काय, ते सांगते. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हा झाला रसायनशास्त्राचा हिशेब. पूर्ण ताकद हवी असेल तर पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं, म्हणजे साडेबारा ते तेरा भाग हवा. एक तर त्यामुळे आत गेलेली सगळी हवा कामी येते, आणि जादा पेट्रोल आतली उष्णताही थोडी खाली ठेवतं. याउलट थ्रॉटल पूर्ण उघडलेला असताना पेट्रोल कमी पडलं तर आत तापमान वाढतं, मिश्रण आपल्या वेळेआधीच भडकतं, हातोडीने ठोकल्यासारखे घाव पिस्टनवर बसतात. यालाच मेस्त्री लोक "गाडी नॉक करते" म्हणतात.

आता बघा गंमत. मोटरसायकलमध्ये आत किती हवा गेली हे मोजणारा मापक बहुधा नसतो. थ्रॉटल किती उघडला, आरपीएम किती, आतला दाब किती, हवा किती गरम, यावरून आतला छोटा संगणक एका तक्त्यात बघतो आणि इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. हा तक्ता शाळेच्या वेळापत्रकासारखा असतो, आडवे आरपीएम, उभा थ्रॉटल, प्रत्येक चौकोनात एक आकडा. कंपनीने तो तक्ता कंपनीच्या सायलेन्सरवर आणि कंपनीच्या फिल्टरवर तपासून भरलेला असतो. तुम्ही फिल्टर उघडा केलात, सायलेन्सर मोकळा केलात, हवा बदलली. तक्त्याला कोण सांगणार? सायलेन्सरच्या नळीत एक ऑक्सिजन सेन्सर असतो हे खरं, पण साधा सेन्सर १४.७ च्या आसपास "जास्त" की "कमी" एवढंच ओरडू शकतो, आणि थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर संगणक त्याचं ऐकणंच सोडून देतो.

मग ती जादा पेट्रोल सोडणारी डबी कशासाठी? खरं तर त्यासाठीच. वाईट वस्तू नाही ती! पण त्या डबीतला तक्ता कुठून आला? इंटरनेटवरून उतरवलेला, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा, दुसऱ्या सायलेन्सरचा, कदाचित थंड देशातला. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून वाचायला बसावं तसं. कुणीही त्या मुलाच्या गाडीच्या नळीत रुंद पट्ट्याचा सेन्सर बसवून प्रत्यक्ष प्रमाण मोजलं नव्हतं. अडतीस हजारांत मोजमापाचे शून्य रुपये!

सायलेन्सर म्हणजे आवाज दाबणारं बोळं, इंजिनाच्या गळ्यातलं लोढणं, हा जो समज आहे तो मुळापासून चुकीचा आहे. नळी इंजिनाचाच भाग असते. धूर बाहेर पडतो तेव्हा दाबाची एक लाट नळीतून धावते, टोकाला पोचली की उलटी परत येते. ती परत केव्हा येते यावर ताकद अवलंबून असते, आणि ते ठरतं नळीच्या लांबीवर आणि आकारावर. हे ज्याने सगळ्यात नीट समजून घेतलं तो पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊच्या एमझेड कारखान्यातला वाल्टर काडेन. साधनं तुटपुंजी, पैसा नाही. पण त्याने टू-स्ट्रोकच्या नळीला आधी फुगत जाणारा आणि मग निमुळता होत जाणारा आकार देऊन अशी व्यवस्था केली की पहिल्या लाटेने धूर ओढून काढावा आणि दुसरीने बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलावं. १९६१ च्या सुमारास त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ हॉर्सपॉवर दिली. म्हणजे लिटरला दोनशे! त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी त्याचा चालक एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, ती विद्या घेऊन सुझुकीकडे गेला आणि १९६२ साली ५० सीसी गटात जगज्जेता झाला. एका नळीच्या आकारासाठी माणसं देश सोडतात, आणि आमच्याकडची पोरं आरएक्स १०० ची तीच नळी आतून फोडून "मोकळी" करतात. ९८ सीसीची, ११ हॉर्सपॉवरची ती गाडी १९९६ साली बंद झाली, अजून लोक तिच्यासाठी वेडे आहेत. आणि वेडे असूनही तिच्या ताकदीचं निम्मं गुपित ज्या नळीत आहे तिच्यावरच छिन्नी चालवतात. काय म्हणावं?

फोर-स्ट्रोकला ही लाट इतकं काम करत नाही, पण करते. रस्त्यावरच्या एक सिलिंडरच्या गाडीला नुसता मागचा डबा बदलून मिळालाच तर एखाद-दुसरा हॉर्सपॉवर, तोही वरच्या आरपीएमला, जिथे आपण गावात कधी जातच नाही. आता हा एक-दोन हॉर्सपॉवर म्हणजे किती? हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद दर शंभर मीटर उंचीला साधारण एक टक्का कमी होते. कोल्हापुरातून पन्हाळ्यावर चढलात की चारेकशे मीटर. चाळीस हॉर्सपॉवरच्या गाडीचे दीड-पावणेदोन गेले! सायलेन्सरने दिलेलं सगळं ज्योतिबाच्या वाऱ्याने काढून घेतलं.

आणखी एक साधा हिशेब. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून ७०२४ ने भागलं की मेट्रिक हॉर्सपॉवर येते. चाकणला तयार झालेल्या २०१७ च्या ३९० ड्यूकचे कंपनीचे आकडे घ्या: ७००० ला ३७ न्यूटन-मीटर आणि ९००० ला ४३.५ हॉर्सपॉवर. गुणाकार करून बघा, ७००० ला तिची ताकद ३७ च्या आसपास येते आणि ९००० ला तिचा टॉर्क ३४ च्या आत उतरलेला असतो. म्हणजे वरची ताकद ही जोरापेक्षा फिरण्यातून येते. मग कुणी "लिमिटर" वाढवून देतो म्हणतो. आरपीएम दहा टक्के वाढवले की पिस्टन आणि कॉन-रॉडवरचा ताण एकवीस टक्के वाढतो, कारण तो वर्गाने वाढतो. हे पावतीवर लिहीत नाहीत.

असो. एवढं सगळं झोडपल्यावर आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावते. आमच्या वयाची मंडळी आणि काही पोलिसदादा "ट्यूनिंग" शब्द ऐकला की टवाळखोरीच समजतात. हेही चूकच. मुलांची एक तक्रार अगदी खरी आहे. आजच्या गाड्या मंद वेगात झटके देतात. ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरवर थ्रॉटल जरासा सोडला-धरला की गाडी उचकी लागल्यासारखी करते. याला कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. धूर स्वच्छ करणारं उत्प्रेरक १४.७ च्या अगदी जवळच नीट काम करतं, म्हणून संगणक सतत पेट्रोल किंचित कमी, किंचित जास्त करत तिथेच घुटमळतो. शिवाय थ्रॉटल पूर्ण सोडला की पेट्रोल बंद, पुन्हा धरला की एकदम चालू. उचकी तिथून येते. ती घालवावी असं वाटणं हा गुन्हा नाही.

पण त्यासाठी पहिल्या दिवशी डबी लागत नाही. माझ्या विद्यार्थ्याने भाच्याच्या मुलाला जे सांगितलं तेच इथे देते. चेन सैल आहे का बघ. निम्मे झटके चेनचे असतात. थ्रॉटलच्या केबलला दोन-तीन मिलिमीटरहून जास्त ढिलाई ठेवू नकोस. थ्रॉटल बॉडीत साचलेली काजळी पूस. टॅपेटचं अंतर मापपट्टीने तपास, अंदाजाने नको. प्लग, फिल्टर, क्लच केबल. सायलेन्सरच्या सांध्यातून हवा तर येत नाही ना, कारण तिथून हवा शिरली की सेन्सर फसतो आणि थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजतात. (आणि आमची पोरं त्या फटाक्यांवर खूश! तो आजार आहे रे बाबांनो, खोकला आहे तो.) हे सगळं करून गाडी फिरव. बहुतेकांचं इथेच भागतं, खर्च हजार-दीड हजार.

एवढ्यानेही नाही भागलं आणि तुला खरोखर शर्यतीची गाडी करायची आहे? मग डायनोवर चढव. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, आधी तीन वेळा, बदल केल्यावर तीन वेळा. तीन वेळा का, तर गरम इंजिन आणि गार इंजिन एकच आकडा देत नाही, आणि हवामानाने एक-दोन हॉर्सपॉवर इकडेतिकडे होतेच. एका वेळी एकच गोष्ट बदल. तीन वस्तू एकदम बसवल्या तर कुणी काय दिलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि नुसता वरचा सर्वांत मोठा आकडा बघू नकोस, चार हजारापासून आठ हजारापर्यंतची रेघ बघ. तिथे खड्डा पडला असेल तर गाडी बिघडली, वरचा आकडा कितीही वाढू दे. मग कोइम्बतूरला कारी ट्रॅकवर जा, तिथे हौस भागव. रस्त्यावरच्या गाडीचं उत्प्रेरक काढून टाकून, सेन्सरला चकवून मिळवलेली गुळगुळीत चाल मला मान्य नाही. तुझ्या झटक्यांपेक्षा माझ्या शेजारच्या पोराचा दमा मोठा आहे.

कायद्याचंही सांगून टाकते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज-धुराच्या गुन्ह्याला कलम १९० (२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा कैद होऊ शकते. १७५ सीसीच्या वरच्या गाडीला कारखान्यातून निघताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. "नव्वद झाले तर काय, दहाचाच फरक" असं म्हणू नका. दहा डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट! पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलर फिरवतात, पेपरात फोटो येतो. पण तो विकणाऱ्या दुकानावर रोलर फिरल्याचा फोटो मी अजून बघायची आहे. पोराचे पैसे बुडतात, दुकानदार दुसऱ्या पोराची वाट बघतो.

"पेट्रोल खराब होतं" या उत्तराचाही समाचार घ्यायला हवा, कारण त्यात एक कणभर सत्य आहे आणि गॅरेजवाले त्याच कणावर जगतात. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. आपल्याच उसाचं. (कारखान्याला ऊस घालणारे माझे दीर हे वाचतातच, भाऊजी, रागावू नका.) इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते, एकाला नऊच. वीस टक्के मिसळलं की १४.७ चं प्रमाण साडेतेराच्या घरात येतं. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बसवलेल्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला आज त्याच जेटमधून मिळणारं इंधन आठेक टक्क्यांनी अपुरं पडतं. तिला जेट एक नंबर मोठा घालणं हे खरं, आवश्यक, सभ्य ट्यूनिंग आहे. सेन्सरवाली नवी गाडी मंद चालीत आपलं आपण जुळवून घेते. आणि इथेनॉलमुळे नॉक होण्याची प्रवृत्ती उलट कमीच होते. तेव्हा जो गॅरेजवाला इथेनॉलचं नाव सांगतो त्याला विचारावं: दादा, तुम्हाला हे माहीत होतं, मग डबीतला तक्ता या पेट्रोलवर तपासलात का?

न्यूझीलंडचा बर्ट मन्रो माझा आवडता माणूस. इंडियन नावाच्या अमेरिकन कंपनीची १९२० सालची स्काउट गाडी त्याने नवी घेतली आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिच्यातच घालवली. पिस्टन घरी ओतायचा, कॉन-रॉड हाताने घासून काढायचा. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर त्या म्हाताऱ्या गाडीने ताशी १८३ मैलांच्या वर वेग नोंदवला. त्याच्यावर २००५ साली सिनेमाही निघाला. पण मला त्याचं कौतुक विक्रमापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. फुटलेले, वितळलेले पिस्टन आणि मोडके तुकडे तो फेकत नसे, शेडमधल्या फळीवर मांडून ठेवी आणि वर लिहून ठेवलं होतं की हा वेगाच्या देवाला नैवेद्य आहे. आपण काय मोडलं ते रोज डोळ्यांसमोर! आमच्याकडच्या "स्टेज टू"वाल्यांच्या भिंतीवर चषक आहेत, स्टिकर आहेत, फळी नाही.

म्हणून कोल्हापूर, सांगली, पुणे, कुठल्याही गॅरेजवाल्याला माझं जाहीर सांगणं आहे. तुम्ही बसवलेल्या सायलेन्सरचा आधीचा आणि नंतरचा आलेख, दोन्ही एकाच दिवसाचे, आरपीएम आणि हवेचं प्रमाण लिहिलेले, मला दाखवा. रेघ खरोखर वर गेलेली दिसली तर मी हा लेख इथून काढून टाकीन आणि त्या जागी तुमच्या गॅरेजचं नाव-पत्ता घालून कौतुकाचा लेख लिहीन. भाच्याच्या मुलाच्या जुन्या पावतीची झेरॉक्स माझ्याकडे आहे, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आलेख काढला तरी चालेल.